'श्यामची आई': आधी पुस्तक, मग चित्रपट

गेल्या पंधरवड्यात, ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घरी, साने गुरुजींचे 'श्यामची आई' पुन्हा वाचले आणि लगोलग आचार्य अत्रे यांचा १९५३ चा चित्रपट पाहिला. नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकातल्या ४२ रात्री (म्हणजे प्रकरणे) एका बैठकीत उरकण्याजोग्या नाहीत. आश्रमातल्या मित्रांना गोष्ट सांगणारा मोठा श्याम मधूनच गहिवरतो आणि साध्या आठवणीलाही पश्चात्तापाची किनार लाभते. ही सवड चित्रपटाला मिळत नाही. श्यामच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून धोंडीवर ओचे पसरणारी आई मला तरी पानावरच अधिक जवळची वाटली. मात्र पोहण्याच्या भीतीने लपलेल्या श्यामला ती शिंपटीने मारते, तिथे पडदा पुस्तकाच्या पुढे जातो, कारण आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाईंच्या चेहऱ्यावर संताप आणि कळवळा वेगळे काढता येत नाहीत. (त्या ग्वाल्हेरच्या, त्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती समजावे.) वसंत देसाई यांचे संगीत आजही ताजे आहे, आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले, याचे नवल वाटत नाही. हिंदी माध्यमात शिकणाऱ्या आमच्या नातवंडांना कोकणातले शब्द अडतात. त्यांना मात्र आधी चित्रपटच दाखवावा.