सीड सायकलिंगचे दोन डबे: बिया उत्तम, वेळापत्रक लंगडे

सीड सायकलिंग म्हणजे पाळीच्या दिवसांनुसार ठरावीक बिया खाणे. त्या नावाने ऑनलाइन मिळणाऱ्या तयार पावडरींच्या दोन डब्यांचा हिशेब साधा असतो. पाळीच्या पहिल्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत जवस आणि भोपळ्याच्या बिया, पंधराव्यापासून पुढची पाळी येईपर्यंत तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया. रोज प्रत्येकी एक मोठा चमचा. पहिला डबा इस्ट्रोजेन सांभाळतो, दुसरा प्रोजेस्टेरॉन (पाळीचे चक्र चालवणारी दोन हार्मोन्स), असा दावा.

दावा इथेच अडखळतो. जवसातल्या लिग्नन्स या वनस्पतिजन्य घटकांपासून आतड्यातले जिवाणू एन्टेरोलॅक्टोन बनवतात. ते इस्ट्रोजेनसारखे, पण फार सौम्य काम करते. तिळातल्या लिग्नन्सपासूनही तेच बनते! मग जवसाला पहिला पंधरवडा आणि तिळाला दुसरा, ही वाटणी कशाच्या आधारावर? १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात १८ जणींनी तीन पाळ्या रोज १० ग्रॅम जवसाची पूड खाल्ली, म्हणजे अर्धा नव्हे, पूर्ण महिना. बीजोत्सर्गानंतरचा (अंडाशयातून बीज बाहेर पडल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा) काळ सरासरी ११.४ वरून १२.६ दिवसांवर गेला. इस्ट्रोजेनच्या पातळीत मात्र ठळक फरक पडला नाही. शिवाय त्या सगळ्यांची पाळी नियमित होती. त्यावरून पीसीओएसवर (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार) किंवा गर्भ राहण्यावर औषध सापडले म्हणणे ही निव्वळ जाहिरात.

दिवसांची मोजणीही २८ दिवसांच्या पाळीला धरून. ३५ दिवसांची पाळी असेल तर बीजोत्सर्ग साधारण एकविसाव्या दिवसाच्या आसपास होतो. चौदाव्याला डबा बदलणे निरर्थक.

तयार पावडरीची खरी अडचण खवटपणाची. दळलेल्या जवसाचे तेल हवा लागली की लवकर बिघडते. दळल्याची तारीख नसलेला डबा घेऊ नये. उघडल्यावर ऑइलपेंटसारखा वास आला तर सरळ फेकावा. अख्खे जवस गिळून उपयोग नाही, बरेचसे न पचताच बाहेर पडते.

किराणा दुकानातल्या सुट्या बिया बऱ्याच स्वस्त पडतात. आठवड्यापुरते ७० ग्रॅम जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावे, पूर्ण गार करून मिक्सर थांबवत थांबवत फिरवावा. सलग फिरवला तर तेल सुटून भांड्याला लगदा चिकटतो. पूड काचेच्या घट्ट बरणीत, फ्रीजमध्ये. रोज दीड मोठा चमचा, म्हणजे साधारण १० ग्रॅम, ताकात किंवा भाकरीवर. सवय नसेल तर अर्ध्या मोठ्या चमच्यापासून सुरुवात करावी आणि पाणी वाढवावे, नाहीतर पोट फुगते, बद्धकोष्ठ होते. जवस-तिळाची चटणी ज्या घरात रोज होते, तिथे डब्याची गरजच नाही.

थायरॉइडची गोळी आणि ही पूड एकत्र घेऊ नये. पुडीतल्या तंतूंमुळे (फायबर) गोळी नीट शोषली जात नाही. रक्त पातळ करणारी औषधे, आयव्हीएफचे (टेस्ट ट्यूब बेबीचे) उपचार किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहत नसेल, पस्तिशीनंतर सहा महिने, तर बियांवर आणखी महिने घालवू नयेत. दोघांच्याही तपासण्या कराव्यात.