दफ्तर कोणतं, रुमाल कितवा? मोडी सनदेच्या नावाखाली फसवणूक

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात आम्ही काही जण गावोगावच्या वंशावळी जुळवतो. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी शेतकरी. पैसे कोणीच घेत नाही. कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, जुने फेरफार, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या यांवरून काही पिढ्या मागे जाता येतं. त्यापलीकडचे कागद मोडी या जुन्या लिपीत असतात, आणि फसवणारा नेमका तिथे शिरतो.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. त्याच सुमारास एक गृहस्थ आमच्याकडे आले. बोलणं मिठास, पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवेकालीन कागदांच्या सरकारी संग्रहात, ‘आतली ओळख’. एका पाटील घराण्याला त्यांनी साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांची ‘अस्सल सनद’, म्हणजे हक्क देणारं राजपत्र, आणून दिली, सोबत बारा पिढ्यांची वंशावळ. अठरा हजार रुपये रोख घेतले, पावती दिली नाही. घरातल्या थोरल्या आबांनी ती सनद फ्रेम करून देवघराशेजारी लावली. मग भावकीतल्या आणखी घरांनी पैसे दिले. आमच्या गटानेही कुलवृत्तांताच्या छपाईसाठी जमलेल्या वर्गणीतून त्यांना आगाऊ रक्कम दिली.

छपाईआधी कागद पुण्यातल्या एका मोडी शिकवणाऱ्या बाईंना दाखवले. त्यांनी पहिल्यांदा तारीख वाचली. शक १६६० लिहिलेला, म्हणजे इसवी सन १७३८-३९. शेजारीच सुहूर सन, म्हणजे जुन्या कागदांत अरबी शब्दांत लिहिलं जाणारं वर्ष: ‘सीत खमसैन मया व अलफ’ (सहा, पन्नास, शंभर आणि हजार), म्हणजे ११५६. त्यात ५९९ मिळवले की १७५५ येतं. एकाच कागदावर सतरा वर्षांचं अंतर! शाहू महाराज तर डिसेंबर १७४९ मध्येच साताऱ्याला वारले. दुसऱ्या कुठल्या तरी कागदावरची तारीख न समजता उतरवली होती. नावंही आजच्यासारखी, नाव-वडील-आडनाव अशी. त्या काळच्या कागदात ‘अमका बिन तमका, मोकदम मौजे अमुक’ असं येतं, म्हणजे तमक्याचा मुलगा अमका, अमुक गावचा पाटील. शब्दाशब्दांत मोकळी जागा सोडलेली, तीही मोडीत सहसा नसते.

पैसे गेले याचं दुःख आहेच. पण त्या बारा पिढ्यांतली काही नावं तोवर इतर भावकींनी आपापल्या वंशावळीत उतरवून घेतली होती. ती एकेक करून काढणं अजून चालू आहे, आणि आबा फ्रेम उतरवायला तयार नाहीत. त्यांना काय सांगावं हे आम्हाला खरंच कळत नाही.

कोणी असा कागद घेऊन आला तर आधी विचारा, दफ्तर कोणतं आणि रुमाल कितवा? पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत, म्हणजे कापडी गठ्ठ्यांत, बांधलेले आहेत. रीतसर अर्ज करून ते पाहता येतात, नक्कल मागता येते. दफ्तरातला अस्सल कागद विकायला बाहेर येतच नाही. आला तर तो चोरीचा असेल किंवा बनावट. वाचनाची मजुरी द्यायला हरकत नाही, मोडी वाचणं कष्टाचं काम आहे. पण मूळ पानाचा फोटो, ओळीगणिक लिप्यंतर आणि पावती हातात आल्याशिवाय देऊ नका. ‘तुमचं घराणं मोठं निघालं’ असं कोणी कागद उघडण्याआधीच म्हणू लागला, तर व्यवहार तिथेच थांबवा.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. त्या गृहस्थांचा फोन बंद आहे. शेजारच्या तालुक्यातही त्याच हस्ताक्षरातल्या दोन सनदा निघाल्या असून दोन्हींवर सुहूर सन तोच आहे, ‘सीत खमसैन मया व अलफ’. तुमच्याकडच्या कागदावर शक १६६० सोबत हेच शब्द असतील, तर तो छापायला देऊ नका आणि तक्रार नोंदवा.