पुन्हा वापरता येणारी चौकट कशात बांधायची: रिॲक्ट, व्ह्यू, अँग्युलर की ब्लेड?

कोल्हापुरातल्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात कामं येतात ती साधारण अशी: मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत दुकानाला सौदे आणि पट्ट्या, शिरोलीच्या फौंड्रीला हीट (भट्टीतली एकेक वितळवणी) आणि रिजेक्शनचा हिशेब, चपलांच्या दुकानाला ऑनलाइन ऑर्डरी. धंदे वेगळे, पण स्क्रीन शेजारी शेजारी ठेवल्या तर चौकट तीच निघते. वर मथळा, उजवीकडे दोन बटणं, मध्ये मजकूर, खाली बेरीज, आणि माहिती येईपर्यंत फिरणारं चक्र. ही चौकट एकदाच बांधून सगळीकडे वापरावी हे कुणालाही पटतं. कशात बांधायची यावर मात्र एकमत होत नाही: ब्राउझरात स्क्रीन उभी करणारी रिॲक्ट, व्ह्यू, अँग्युलर ही जावास्क्रिप्टची साधनं, की सर्व्हरवर पान बनवणारं ब्लेड, म्हणजे लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमधली टेम्प्लेटची सोय?

आधी एक घोळ निस्तरू. कंपोनंट म्हणजे स्क्रीनचा सुटा, पुन्हा वापरता येणारा भाग. पण ‘कंटेनर कंपोनंट’ म्हटलं की जुन्या रिॲक्टवाल्यांना दुसरंच काही आठवतं: माहिती आणणारा एक कंपोनंट आणि ती नुसती दाखवणारा दुसरा. ती विभागणी पुढे रिॲक्टच्या टीममध्ये गेलेल्या डॅन अब्रामोव यांनी २०१५ मध्ये मांडली होती. हुक्स (साध्या फंक्शन-कंपोनंटलाच माहिती जपता येण्याची सोय) आल्यावर, २०१९ मध्ये, ती आता सरसकट पाळू नका असंही त्यांनीच लिहिलं. आपला विषय तो नाही. इथे कंटेनर म्हणजे ज्याच्या पोटात दुसरं काहीही बसवता येतं तो: पॅनेल, मोडल (पानावर उघडणारी छोटी खिडकी), टॅब, तक्ता.

पोटात काहीतरी बसवणं चौघांनाही जमतं. रिॲक्टमध्ये ‘चिल्ड्रन’ नावाचा प्रॉप (कंपोनंटला बाहेरून दिलेली गोष्ट), व्ह्यूमध्ये स्लॉट (मजकुरासाठी सोडलेली जागा), अँग्युलरमध्ये एनजी-कंटेंट, आणि लाराव्हेलच्या ब्लेडमध्येही स्लॉटच. अर्ध्या तासाचा डेमो पाहून ठरवायला बसलात तर चौघं सारखेच वाटतील. फरक दिसतो तो चौकटीला जरा काम लावल्यावर. ती बंद असताना आतला मजकूर तयार होतो का? चौकटीकडची माहिती आतल्या मजकुराला देता येते का? आणि एखादी जागा रिकामी राहिली तर चौकटीला ते कळतं का? मी निवड दुसऱ्या प्रश्नावर करीन. तरी पहिल्यापासून जाऊ, कारण तिथेच पहिला फटका बसतो.

बंद पॅनेलच्या आत

शेतकऱ्याच्या खात्याची स्क्रीन घ्या. त्यावर मिटलेली आठ-दहा पॅनेलं: चालू हंगामाच्या पट्ट्या, मागचा हंगाम, उचल, येणं-देणं, हमाली-तोलाईचा तपशील. प्रत्येक पॅनेलमधला कंपोनंट आपापली माहिती सर्व्हरकडून मागवतो. पॅनेल उघडल्यावरच मागणी जावी, एवढीच अपेक्षा.

व्ह्यूमध्ये हे आपोआप होतं. स्लॉटचा मजकूर आतून एक फंक्शन बनतो, आणि चौकटीने ती जागा प्रत्यक्ष मांडली तरच ते चालतं. रिॲक्टमध्येही निकाल तोच, रस्ता थोडा वेगळा. बाहेरचा कंपोनंट आतल्या गोष्टींचं फक्त वर्णन बनवून पाठवतो. चौकटीने ते वर्णन वापरलं नाही तर आतला कंपोनंट जन्मालाच येत नाही. मात्र वर्णन बनवतानाचा हिशेब होतोच. म्हणजे पाच हजार नोंदींवर फिरून ओळी तयार करणारं लूप तुम्ही थेट पॅनेलच्या पोटात लिहिलंत, तर पॅनेल मिटलेलं असलं तरी ते लूप फिरतं. तेच लूप वेगळ्या कंपोनंटमध्ये ठेवलं की प्रश्न मिटतो.

अँग्युलरमध्ये इथे गोची आहे. एनजी-कंटेंटमधून आत सोडलेला मजकूर, तुम्ही तो दाखवा वा न दाखवा, तयार होतोच. एनजी-कंटेंटला अटीत गुंडाळू नका असं अँग्युलरचं अधिकृत मार्गदर्शनही सांगतं. नव्या माणसाला हे माहीत नसतं. तो बिनधास्त अट घालतो, स्क्रीनवर काही दिसत नाही म्हणून खूश होतो, आणि ब्राउझरच्या नेटवर्कच्या खिडकीत दहाच्या दहा मागण्या गेलेल्या असतात. उपाय म्हणजे मजकूर एनजी-टेम्प्लेटमध्ये, म्हणजे मागितल्यावरच तयार होणाऱ्या साच्यात, द्यायचा आणि चौकटीने तो एनजी-टेम्प्लेट-आउटलेटने मांडायचा. तो चांगला चालतो. पण मग पॅनेल वापरणाऱ्या प्रत्येकाला ही दोन पावलं लक्षात ठेवावी लागतात.

ब्लेडचा मामला सर्व्हरवरचा. स्लॉटचा मजकूर आधी तयार होतो आणि मग तो चौकटीच्या हातात पडतो. स्लॉटमध्ये क्वेरी (डेटाबेसकडची मागणी) चालवणारं काही असेल तर चौकटीने तो मजकूर टाकून दिला तरी क्वेरी चाललेली असते.

यात एक निर्णय मात्र फ्रेमवर्क घेत नाही, तो तुमचा: मिटलं म्हणजे काढून टाकलं की नुसतं झाकलं? काढून टाकलं तर अर्धवट भरलेला फॉर्म जातो. सौद्याच्या गर्दीत दिवाणजींनी सतरा रकाने भरलेत आणि चुकून पॅनेल मिटलं, तर दुसऱ्या दिवशी येणारा फोन तुम्हालाच घ्यायचाय. म्हणून भरण्याच्या पॅनेलला झाकणं, बघण्याच्या पॅनेलला काढणं, असे दोन प्रकार प्रॉपनेच निवडता येतील अशी सोय पहिल्या दिवसापासून ठेवावी.

चौकटीकडचं आत देता येतं का

मंगल कार्यालयासारखा प्रकार आहे हा. जागा त्यांची, आचारी तुमचा. स्लॉटमधला मजकूर कार्यालयाच्या आवारात बसतो, पण चालतो तुमच्या, म्हणजे बाहेरच्या कंपोनंटच्या हिशेबाने. त्याला बाहेरचे व्हेरिएबल दिसतात, चौकटीचे आतले दिसत नाहीत. चारही ठिकाणी मूळ नियम हाच. प्रश्न एवढाच की चौकटीला ‘हे घ्या, वापरा’ असं म्हणायची सोय किती सरळ आहे.

हे कळायला पॅनेल पुरत नाही, तक्ता घ्यावा लागतो. सौद्यांची यादी: अडत्याचा नंबर, रवे (गुळाच्या ढेपा), वजन, प्रत, दर, खरेदीदार. क्रम लावणं, पानं पाडणं, ओळी निवडणं हे सगळं तक्त्याने करावं. पण दराचा रकाना कसा दिसावा, एक किलोच्या बॉक्सची ओळ वेगळ्या रंगात हवी का, हे तक्ता वापरणाऱ्याने सांगावं. म्हणजे तक्ता प्रत्येक ओळ बाहेर देणार आणि बाहेरचा माणूस ती कशी मांडायची ते ठरवणार.

व्ह्यूचा स्कोप्ड स्लॉट याच कामासाठी आहे. चौकट स्लॉटवर ओळ ठेवते, वापरणारा ती त्याच जागी उचलतो. आजची व्ही-स्लॉट पद्धत २.६ आवृत्तीत, फेब्रुवारी २०१९ मध्ये आली, आणि व्ह्यू ३ मध्ये तीच चालू राहिली. टाइपस्क्रिप्ट (कुठे संख्या, कुठे मजकूर हे कोड चालण्याआधी तपासणारी जावास्क्रिप्ट) वापरणाऱ्यांसाठी, स्लॉटमधून काय येणार ते सांगायला ३.३ पासून डिफाइन-स्लॉट्स आहे. वाचणाऱ्याला एका नजरेत कळतं की हा रकान्याचा साचा, ही त्यात आलेली ओळ. महिनाभरापूर्वी रुजू झालेल्या पोराला हा कोड वाचायला दिला तर तो प्रश्न न विचारता बदल करतो, आणि छोट्या टीमला यापेक्षा जास्त काय हवं?

रिॲक्टमध्ये वेगळी सोयच नाही, कारण गरज नाही. प्रॉप म्हणून फंक्शन पाठवा, चौकट त्याला ओळ देऊन बोलावेल. टाइप तपासणी इथे सगळ्यात नेटकी, कारण शेवटी ते साधं फंक्शनच आहे. दोन सावधगिरी मात्र. आतल्या घटकांची नक्कल करून त्यांना गुपचूप प्रॉप चिकटवण्याची जुनी पद्धत, म्हणजे क्लोन-एलिमेंट, वापरू नका. रिॲक्टच्या आजच्या माहितीपत्रात ती ‘जुन्या’ सदरात गेली आहे. आतल्या घटकाभोवती कुणी आणखी एक कंपोनंट गुंडाळला की ती मोडते. दुसरी गोष्ट सर्व्हर कंपोनंट (सर्व्हरवरच चालणारे रिॲक्टचे कंपोनंट) वापरणाऱ्यांसाठी. पान सर्व्हरवर आणि तक्ता ब्राउझरच्या बाजूला असेल, तर पानातून तक्त्याला तयार मजकूर देता येतो, पण असं साधं फंक्शन देता येत नाही. सीमेपलीकडे ते जातच नाही. मग मधे ब्राउझरच्या बाजूचा आणखी एक कंपोनंट घालावा लागतो. चौकट लिहून झाल्यावर हे कळलं तर बरीच उलथापालथ होते, तेव्हा आधीच ठरवा.

अँग्युलरमध्ये टेम्प्लेटला कॉन्टेक्स्ट (सोबतची माहिती) देऊन हे होतं, पण टाइप तपासणी हवी असेल तर वेगळा डिरेक्टिव्ह (टॅगला चिकटणारा छोटा क्लास) आणि त्यावर कॉन्टेक्स्टचा पहारेकरी लिहावा लागतो. तो लिहिला नाही तर ओळीचं फील्ड चुकीचं लिहिलं तरी कुणी हटकत नाही. मात्र टॅबसारख्या, आईबाप-मुलं नात्याच्या चौकटीत अँग्युलर सरस आहे. आत सोडलेला टॅब सरळ इंजेक्शनने, म्हणजे हवी ती वस्तू फ्रेमवर्ककडून मागायच्या सोयीने, आपल्या वरच्या टॅब-गटाला मागून घेतो, मधे कितीही डीआयव्ही असोत. रिॲक्टमध्ये हेच त्याच्या कॉन्टेक्स्टने होतं (वरच्याची माहिती मधल्यांना वगळून आत पोचवणारी सोय; त्याचं आजचं रूप १६.३ चं, मार्च २०१८ मधलं), व्ह्यूमध्ये प्रोव्हाइड-इंजेक्टने. दोन्ही चालतात, पण अँग्युलरमध्ये ही रीत मुळातच घरची आहे.

ब्लेड इथे अडतं. स्लॉटमधून कंपोनंटच्या क्लासची एखादी पद्धत बोलावता येते, पण तक्त्याच्या लूपमधली चालू ओळ स्लॉटला मिळत नाही, कारण लूप सुरू होण्याआधीच स्लॉट तयार झालेला असतो. ओळीचं वेगळं व्ह्यू-फाइल नाव प्रॉपने पाठवणं हा रस्ता आहे. चालतो, पण त्याला स्लॉट म्हणता येणार नाही.

रिकामी जागा आणि रंगरंगोटी

बेरजेची पट्टी दिलीच नसेल तर तिची रेघही दिसू नये. व्ह्यूत स्लॉट आहे का ते विचारता येतं, रिॲक्टमध्ये प्रॉप आला का ते, ब्लेडमध्ये स्लॉट रिकामा आहे का ते. अँग्युलरमध्ये कंटेंट-चाइल्डने शोधावं लागतं. काहीच दिलं नाही तर दाखवायचा मजकूर एनजी-कंटेंटमध्येच लिहायची सोय १८ व्या आवृत्तीत, मे २०२४ मध्ये आली, म्हणजे बाकीच्यांच्या मानाने उशिरा. एक खोच ब्लेड सोडून सगळीकडे आहे: आत कंपोनंट दिलाय, पण तो स्वतः काहीच दाखवत नाही, तर चौकटीला जागा भरलेलीच वाटते.

रंगरूपाचं थोडक्यात. व्ह्यूच्या स्कोप्ड स्टाइलमध्ये आणि अँग्युलरमध्ये स्लॉटचा मजकूर बाहेरच्याच्या मालकीचा, त्यामुळे चौकटीचं सीएसएस (रंगरूपाचे नियम) त्याला लागत नाही. व्ह्यूत ‘स्लॉटेड’ निवडक वापरून ते लावता येतं. टेलविंड (टॅगवरच क्लास लिहून रंगरूप देणारं साधन) वापरत असाल तर हा परिच्छेद सोडून द्या.

मग घ्यायचं काय

फौंड्रीचं मोठं काम असेल, चाळीस-पन्नास स्क्रीन, पाच-सात वर्षं चालणारं आणि टीमही मोठी, तर अँग्युलरची शिस्त कामी येते. फक्त पॅनेल आणि मोडल पहिल्यापासून टेम्प्लेटवाले करा, एनजी-कंटेंट फक्त कायम दिसणाऱ्या मजकुराला ठेवा.

माणसं मिळण्याचा प्रश्न असेल तर रिॲक्ट. कॉलेजातून पोरं तेच शिकून येतात. दोन वर्षांनी पुण्याला जातात हेही खरंच, पण त्यांच्या जागी येणाराही तेच शिकलेला असतो. रिॲक्टचा तोटा असा की चौकट बांधायच्या चार रीती आहेत आणि एकाच प्रोजेक्टमध्ये चारही सापडतात. टीममध्ये एकाने दामटून एकच रीत लावायला हवी: ठरावीक जागांसाठी प्रॉप, ओळींसाठी फंक्शन, टॅबसाठी कॉन्टेक्स्ट, बाकी काही नाही.

दोन-तीन जणांची टीम, आधीपासून लाराव्हेल, गिऱ्हाईक अडत दुकान, अशी स्थिती असेल तर मी व्ह्यू घेईन, आणि सगळीकडे घेणार नाही. पट्टी छापायची आहे, पावती काढायची आहे, अहवाल दाखवायचा आहे, तिथे ब्लेडची चौकट पुरते. एक्स-टॅगची (टॅगच्या नावाआधी ‘एक्स’ आणि जोडरेघ लावून कंपोनंट बोलवायची) पद्धत लाराव्हेल ७ पासून, म्हणजे मार्च २०२० पासून आहे आणि ती वाचायला एचटीएमएलसारखीच. सौद्याची नोंद, तक्ता, उघडमीट यांसाठी त्याच पानात व्ह्यू. स्वेल्ट या आणखी एका अशाच साधनाबद्दलही विचारणा होते. ५ व्या आवृत्तीने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्लॉट बाजूला सारून स्निपेट (नाव देऊन हवे तिथे मांडता येणारे साचे) आणले. ते स्कोप्ड स्लॉटपेक्षाही सुटसुटीत आहेत, पण इथे स्वेल्ट येणारा दुसरा माणूस शोधणं अवघड, म्हणून गिऱ्हाइकाच्या कामात मी ते घेणार नाही.

ब्लेड आणि व्ह्यू एकत्र आणताना तीन गोष्टी जपा. दोघांचेही महिरपी कंस सारखेच, त्यामुळे व्ह्यूसाठीच्या कंसांपुढे ‘ॲट’ची खूण टाका म्हणजे ब्लेड त्यांना हात लावत नाही. पानातच लिहिलेल्या टेम्प्लेटमध्ये ब्राउझर ॲट्रिब्यूटची नावं लहान अक्षरांत आणतो, म्हणून स्लॉटची नावं कॅपिटल अक्षर न घालता, जोडरेघ देऊन ठेवा. आणि टेबलच्या आत थेट स्वतःचा टॅग लिहू नका, कारण ब्राउझर तो टेबलबाहेर काढून ठेवतो. तिथे टीआर टॅगवरच ‘इज’ वापरून कंपोनंटचं नाव द्यायचं, नावाआधी ‘व्ह्यू’ आणि अपूर्णविराम लावून. या कटकटी नको असतील तर तक्ता वेगळ्या व्ह्यू फाइलमध्ये लिहून बिल्ड करा. तिथे यातलं एकही बंधन लागू होत नाही.