वळवाचे ढग आणि छोटे विमान : खारघरच्या हवामान वर्गाविषयी

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ज्या लेखी परीक्षा घेते, त्यांतील हवामानशास्त्राचा पेपर पाठांतरावर सुटू शकतो आणि अनेक शिकवण्या तो तसाच सोडवून घेतात. उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे 70 टक्के गुण जुन्या प्रश्नसंचांतून मिळतातही. पण मे महिन्यातल्या दुपारी सह्याद्रीच्या आसपास छोटे विमान घेऊन निघालेल्या शिकाऊ वैमानिकाच्या ते गुण कामी येत नाहीत. खारघरमध्ये शनिवार-रविवारी भरणारा उन्हाळी हवामान वर्ग हे ओळखून आखलेला आहे, म्हणून मी त्याची मनापासून शिफारस करतो.

वर्ग घेणारे सर निवृत्त वैमानिक आहेत. पहिल्या तासाला ते पुस्तक न उघडता वळीव कसा तयार होतो ते सांगतात : देशावरची जमीन सकाळपासून तापते आणि हवा वर उचलली जाते, दुपारी समुद्रावरचे दमट वारे घाट चढून येतात, कड्यांमुळे त्यांना आणखी उंची मिळते आणि वरची हवा पुरेशी थंड असेल, तर सकाळी अकराला निरभ्र असलेल्या आकाशात तीन-चार वाजेपर्यंत गडगडाटी ढग उभा राहतो. एवढे झाले की सर सगळ्यांना गच्चीवर नेतात. तेथून प्रबळगड आणि माथेरानच्या बाजूचे आकाश दिसते. कागद-पेन्सिल घेऊन दर दहा मिनिटांनी एकाच ढगाची बाह्यरेषा काढायची असते. ढग वाढत असतो तोवर त्याच्या कडा फुलकोबीसारख्या ठसठशीत दिसतात. माथ्यावरच्या थेंबांचा बर्फ होऊ लागला की त्याच कडा धूसर, तंतुमय होतात आणि माथा आडवा पसरतो. रेखाटने शेजारी शेजारी ठेवली की अशा एकट्या ढगाचे आयुष्य जेमतेम तासाभराचे असते, हे डोळ्यांना दिसते. मोठ्या विमानतळाचा नेहमीचा हवामान अहवाल दर अर्ध्या तासाने निघतो. म्हणजे पुढचा अहवाल हाती येईपर्यंत ढगाचे निम्मे आयुष्य सरलेले असते.

वर्गाचा सर्वांत मोलाचा भाग आकडेमोडीचा आहे. दोन हजार फूट उंचीच्या धावपट्टीवर 40 अंश सेल्सिअस तापमान असेल, तर प्रमाण वातावरणाच्या, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या सरासरी हवेच्या, हिशेबाने तेथे 11 अंश असायला हवेत. प्रत्येक जादा अंशामागे सुमारे 120 फूट धावपट्टीच्या उंचीत मिळवले की विमानाच्या दृष्टीने ती हवा साधारण साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ ठरते. समुद्रसपाटीवर मिनिटाला सातशेच्या आसपास फूट चढणारे सेसना 172 हे छोटे विमान तेथे बरेच कमी चढते, आणि पक्व गडगडाटी ढगातला अधोप्रवाह मिनिटाला दोन हजार फुटांहूनही वेगाने खाली येऊ शकतो. ही वजाबाकी स्वतःच्या वहीत केली की तीव्र गडगडाटी ढगापासून किमान 20 सागरी मैल दूर राहण्याचा दंडक पाठ करावा लागत नाही. जमिनीवर पोहोचण्याआधीच विरून जाणारा पाऊसही निरुपद्रवी नसतो, कारण त्याच्या बाष्पीभवनाने गार आणि जड झालेली हवा खाली कोसळते आणि धावपट्टीवर समोरून येणारा वारा काही क्षणांत पाठीमागून येऊ लागतो.

डोंगराजवळच्या उड्डाणाचा तासही असाच बारकाईने घेतला जातो. पश्चिमेचा वारा जोरात असताना देशाकडून घाटाकडे येणारे विमान वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला, म्हणजे खाली उतरणाऱ्या हवेत असते. म्हणून डोंगररांगेला सरळ न भिडता 45 अंशांच्या कोनातून जवळ जायचे, म्हणजे उंची पुरेशी नाही असे दिसताच थोडक्या वळणात सखल भागाकडे परतता येते. सरांनी हे नकाशावर माळशेजच्या परिसरात आखून दाखवले. परीक्षेच्या पुस्तकांतील परदेशी डोंगरांपेक्षा ते मला कितीतरी अधिक उपयोगाचे वाटले.

उणिवाही आहेत. कुलाबा आणि वेरावली येथील डॉप्लर रडारची (ढगांतला पाऊस आणि वारा टिपणाऱ्या रडारची) चित्रे कशी वाचावीत, यासाठी फारच थोडा वेळ ठेवला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघातील विजांची सूचना देते. ती सूचना रडारच्या चित्राशी ताडून पाहण्याचा सराव तेथे घाईत उरकला जातो, तो स्वतंत्र तासाचा विषय आहे. आकाश कोरडे राहिले तर गच्चीवरच्या तासाऐवजी जुनी छायाचित्रे दाखवतात आणि त्यांतून ढगाची वाढ समजत नाही. शुल्क इतर शिकवण्यांपेक्षा जास्त आहे, मात्र तुकडीत विद्यार्थी मोजकेच असल्याने प्रत्येकाची वही तपासली जाते.

केवळ पेपर सोडवायचा असेल, तर येथे सराव परीक्षा कमी पडतील. बारामती किंवा धुळ्याला प्रशिक्षणासाठी जाणाऱ्यांनी मात्र उड्डाण सुरू होण्याआधीच हा वर्ग करावा आणि मार्चऐवजी एप्रिलच्या मध्यावर सुरू होणारी तुकडी निवडावी, कारण तेव्हा गच्चीवरून रेखाटायला खरे ढग मिळण्याची शक्यता अधिक असते.