तुर्भे स्टोअरचा मोफत पोषण वर्ग : डबे करणाऱ्या बाईच्या नजरेतून

नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअर या आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात एक संस्था बायकांसाठी पोषण आणि अन्नसुरक्षेचा मोफत वर्ग घेते. मी एमआयडीसीतल्या कामगारांचे डबे करते, घरात दोन मुलं आणि सासूबाई. त्यामुळे तिथे सांगतात ते आपल्या ओट्यावर आणि आपल्या पैशात जमतं का, एवढंच मी बघत होते. बरंचसं जमतं.

सगळ्यात मोलाचं काम झालं ते रेशनच्या तांदळाचं. आमच्या गल्लीत कित्येक जणी त्यातले वेगळे दिसणारे दाणे 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून निवडून टाकतात. वर्ग घेणाऱ्या मॅडमनी भाषण केलं नाही. सूप मागवलं, तांदूळ पसरला, तेच दाणे वेचायला लावले आणि छोट्या पातेल्यात शिजत घातले. भात झाला. बोटाने दाबला तर मऊ. मग सांगितलं की तांदूळ पौष्टिक करायला तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 जीवनसत्त्व घालून यंत्रातून हे दाणे पाडतात आणि 100 किलो तांदळाला 1 किलो या हिशोबाने मिसळतात. म्हणजे रक्त वाढायला जो दाणा घातला, नेमका तोच कचऱ्यात जात होता! शेजारच्या काकूंनी तो भात स्वतः खाऊन बघितला तेव्हा कुठे त्यांना पटलं. त्याच ओघात कळलं की जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, तासभर थांबायचं. आणि पालेभाजीवर लिंबू पिळलं तर लोह जास्त शोषलं जातं. एपीएमसीच्या घाऊक भाजीबाजाराच्या अंगाला राहणाऱ्यांना पालेभाजी काही नवीन नाही. लिंबाचं मात्र बहुतेकींना माहीत नव्हतं.

माझ्या कामाचा भाग भाताचा होता. शिजवलेलं अन्न 2 तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, असं त्यांनी सांगितल्यावर मी लगेच विचारलं, मॅडम, माझा डबा सकाळी भरला जातो आणि दुपारी उघडतो, त्याचं काय? त्यांनी प्रश्न टोलवला नाही. भातात असे जंतू असतात की त्यांची बीजं शिजवूनही मरत नाहीत; भात कोमट राहिला की ते वाढतात, विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून एकतर वाफाळता भात थेट गरम राहणाऱ्या डब्यात भरायचा, नाहीतर डब्यात पोळी आणि सुकी भाजीच द्यायची. आदल्या रात्रीचा भात तर डब्यात नकोच. आता उन्हाळाभर मी भात बंद ठेवते. गिऱ्हाईक कुरकुरलं, पण कारण सांगितल्यावर ऐकलं.

लेकुरवाळ्या बायकांसाठी एक वाटी आणि एक चमचा, एवढ्यावर त्यांनी सगळं समजावलं. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला आपल्याकडे वरणावरचं पाणी पाजतात. त्यांनी ते पाणी चमच्यात घेऊन चमचा तिरका केला, सगळं खाली. मग डाळ-भात कुस्करून वर थेंबभर तेल घातलं आणि पुन्हा चमचा तिरका केला, घास जागेवरच. बाळाचं पोट इवलंसं, ते पाण्याने भरलं तर अन्न जायचं कुठे? माझ्या नणंदेची मुलगी सात महिन्यांची आहे, तिला मी त्याच संध्याकाळी फोन केला.

आता जे खटकलं ते. वर्ग सकाळी 11 ला असतो. त्या वेळी वाशी-सानपाड्याला धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका कामावर असतात, आणि या माहितीची सर्वांत जास्त गरज त्यांनाच आहे. रविवारी दुपारी ठेवा, समाजमंदिर भरून जाईल. दुसरं, पडद्यावरच्या चित्रांत कच्चं मांस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आणि शिजवलेलं वरच्या. आमच्या गल्लीत फ्रिज मोजकेच. पिंपातलं पाणी कसं झाकावं, ते ओगराळ्यानेच का काढावं, यावर मात्र जेमतेम दोन वाक्यं. तिसरं माझ्यासारखीचं: डबे विकणाऱ्यांना एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते, तिचा 14 आकडी नंबर मिळतो, हे सांगितलं; पण अर्ज भरून दाखवला नाही. निम्म्या जणी तो अर्ज भरायलाच घाबरतात. मोबाइलवर एकदा सगळ्यांदेखत भरून दाखवला तर पुढच्या दहा जणी आपापला भरतील.

एवढं असूनही जा, आणि सासूबाईंना घेऊन जा. बाळाला काय भरवायचं हे घरात त्याच ठरवतात, सुनेने एकटीने ऐकून येण्यात काही अर्थ नाही. नाव अंगणवाडीच्या ताईंकडे द्यायचं. जाताना घरची हळद पुडीत बांधून न्या, ग्लासभर पाण्यात टाकून तपासायला तिथेच शिकवतात: चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, रंग घातलेली असेल तर पाणी गडद पिवळं होतं.