रविवारच्या मोठ्या शब्दकोड्यासोबत आठ महिने

पुरवणीतलं १५ बाय १५ घरांचं कोडं, आडव्या-उभ्या मिळून साठ-सत्तर सूचना, उत्तर पुढच्या रविवारी. आठ महिने दर आठवड्याला हे कोडं शेवटच्या घरापर्यंत नेल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगता येते. शब्द माहीत नाही म्हणून गाडी अडते ती क्वचित. घर म्हणजे अक्षर आहे हे विसरल्यामुळे अडते ती रोजची.

हा खेळ जन्मला इंग्रजीत. २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन यांचं पहिलं कोडं 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापून आलं. तिथे एका घरात २६ पैकी एक चिन्ह. मराठीत ३४ व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडी धरली तरी ४०८ अक्षरं होतात, जोडाक्षरं वेगळीच. त्यामुळे 'विद्यार्थी' तीन घरांत बसतो, 'स्वातंत्र्य'ही तीनच घरांत. उभ्या शब्दातून एक अक्षर मिळालं की आडवा शब्द निम्मा सुटल्यात जमा. मात्र शब्द लहान असल्यामुळे अशी छेदणारी घरंही दोन-तीनच मिळतात. एक चुकीचं अक्षर भरलं की अख्खा कोपरा जातो, आणि ते चुकलंय हे कळायला अर्धा तास लागतो.

सामान आधी, कारण त्यात फसगत होते. वर्तमानपत्राच्या कागदावर जेल पेनाची शाई फुटते आणि 'ष्ट्र'चा काळा ठिपका होतो. ०.५ची यांत्रिक पेन्सिल कागद फाडते. ०.७चं टोक आणि २बी शिसं हे जमून जातं. खाली पुठ्ठा हवाच. एचबीने दाबून लिहावं लागतं आणि खोडलेल्या जागी खड्डा राहतो. छापील घर सात-आठ मिलिमीटरचं असेल, तर वर वेलांटी, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर बसत नाही. अशा वेळी १४१ टक्के मोठी झेरॉक्स काढावी, क्षेत्रफळ दुप्पट होतं. पक्कं उत्तर गडद, अंदाज फिका, एवढी एकच शिस्त पाळली तरी खोडाखोड खूप कमी होते.

पहिली दोन मिनिटं एकही घर भरू नये. चार-पाच सूचनांपुढचे अक्षरांचे आकडे चौकटीतल्या घरांशी ताडून बघावेत. गेल्या आठवड्याची चौकट आणि या आठवड्याच्या सूचना असा प्रकार दोनदा झाला, तो इथेच पकडता येतो. सूचनेपुढे (४) आणि चौकटीत सलग पाच पांढरी घरं, म्हणजे एक काळं घर छापायचं राहिलंय. ते कुठे असावं हे क्रमांकांवरून निघतं. क्रमांक वरच्या डाव्या कोपऱ्यातून ओळीने येतात. ज्या पांढऱ्या घराच्या डावीकडे कड किंवा काळं घर आणि उजवीकडे पांढरं, तिथे आडवा शब्द सुरू. वर कड किंवा काळं आणि खाली पांढरं, तिथे उभा. या हिशेबाने स्वतः क्रमांक घालत गेलं की जिथे छापील आकड्याशी फारकत होते, त्याच्या आसपास चूक असते. चौकट सममित असेल, म्हणजे पान उलटं धरलं तरी काळी घरं तिथेच दिसत असतील, तर आणखी सोपं: तिसऱ्या ओळीतलं पाचवं घर काळं असेल तर तेराव्या ओळीतलं अकरावं काळं हवं (दोन्ही आकडे १६मधून वजा). मराठी कोडेकार सममिती पाळतीलच असं नाही, म्हणून आधी दोन-तीन जोड्या तपासून मगच तिच्यावर विसंबावं.

आता खरा मजेचा भाग. मराठीत 'ळ'ने शब्द सुरू होत नाही. 'ण'ने जवळजवळ नाहीच. 'णमोकार' सोडून दुसरा आठवून बघा. 'र्थी', 'ल्ला', 'ट्टी' ही अक्षरंही सुरुवातीला येत नाहीत. याचा अर्थ, ज्या घरातून शब्द सुरू होतो त्या घरात ही अक्षरं असूच शकत नाहीत, मग सूचना काहीही असो. उदाहरणार्थ, आडवी सूचना 'पाण्यात उमलणारे फूल (३)'. हात आपोआप 'कमळ' लिहितो. पण तिसऱ्या घरात क्रमांक छापलेला असेल तर तिथून उभा शब्द सुरू होतोय, म्हणून 'कमळ' बाद. उरले कमल, पंकज, जलज, नीरज, सरोज, अंबुज, राजीव. सातांपैकी पाच 'ज'ने संपतात, कारण 'ज' म्हणजे 'जन्मलेला' आणि ही सगळी नावं चिखला-पाण्यात जन्मण्यावरून पडलेली. तेव्हा आधी उभी सूचना वाचायची आणि 'ज'ने सुरू होणारा शब्द तिला लागतो का ते बघायचं. एकही अक्षर न लिहिता आठांतून दोन-तीनवर येता येतं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे 'णे'. सूचना क्रियापदाच्या मूळ रूपात असेल ('दूर करणे', 'मान्य असणे') तर उत्तराचं शेवटचं घर बहुतेक 'णे'. ते फिक्या अक्षरात लगेच टाकून द्यावं. छेदणारा शब्द 'णे'ने सुरू होणार नाही म्हणून कोडेकार अशी क्रियापदं उजव्या किंवा खालच्या कडेला, नाहीतर दुसऱ्या शब्दाच्या शेवटी ढकलतो. कडेची घरं म्हणूनच आधी चाळावीत. लिंग-वचनही बघावं: सूचना 'ली'ने संपली तर उत्तरही बहुधा 'ली', 'ने'ला तृतीयाच हवी. एक सापळा मात्र कायमचा: 'झाडे' अशी अनेकवचनी सूचना असून उत्तर 'वृक्ष' असतं, कारण अकारान्त पुल्लिंगी नाम अनेकवचनात बदलत नाही. 'घोडा' असता तर 'घोडे' झाला असता.

कोपऱ्यातल्या आठ-दहा सूचना शब्दखेळाच्या असतात आणि रविवारचं कोडं अवघड होतं ते त्यांच्यामुळे. अशा सूचनेत एक टोक सरळ अर्थाचं आणि उरलेला भाग कृतीचा असतो. 'वेल उलटली की ठेका सापडतो (२)': वेल म्हणजे लता, उलट वाचा, ताल. उलटायचं ते अक्षरशः अक्षराने, काना अक्षरासोबतच फिरतो. 'माकडाचे डोके उडवले, उरला पुरुष (२)': वानरातला 'वा' गेला, 'नर' राहिला. 'हातासारखे दातेरी हत्यार (४)' यातली सफाई बघा: हात म्हणजे कर, सारखे म्हणजे 'मातृवत'मधलं 'वत', जोडून करवत, आणि सूचना वरवर वाचली तर निव्वळ वर्णन वाटते. अशी एक सूचना सुटली की बाकीच्या पन्नास समानार्थी शब्दांचं ओझं हलकं होतं.

अक्षरांची उलटापालट हा प्रकार मात्र मराठीत लुळा पडतो. 'पालक गोंधळले, हाती कवटी आली (३)' याचं उत्तर कपाल. पण तीन अक्षरांचे क्रम सहाच, चार अक्षरांचे चोवीस. कागदाच्या कडेला लिहून काढले की संपलं. लपवलेला शब्द याहून सरस. 'एक मलमपट्टी उघडली, आत फूल (३)': 'एक मलम' यात क-म-ल सलग आहेत. इथे कोडेकाराला सामान्यरूप टाळावंच लागतं, कारण 'एका मलमपट्टीत' म्हटलं की 'क'चा 'का' होऊन शब्द मोडतो. त्यामुळे एखादी सूचना विभक्तिप्रत्यय चुकवत, जरा अवघडून चालल्यासारखी वाटली, तर आत काहीतरी दडवलंय असं समजावं आणि शब्दांमधली मोकळी जागा पुसून वाचावं.

तक्रारींत पहिला नंबर ऱ्हस्व-दीर्घाचा. 'गुरू'चा शेवट नियमाने दीर्घ, पण त्याच घरातून खाली 'रुमाल' सुरू केलेला असतो. हे चुकीचंच आहे, तरी टाळणं कोडेकाराला जड जातं: शब्दाच्या शेवटी इकार-उकार बहुतेक दीर्घ, आणि सुरुवातीला ऱ्हस्व असलेले शब्द ढीगभर. काही ठिकाणी 'ऱ्हस्व-दीर्घ सैल धरावे' अशी तळटीप असते. इथे नाही, आणि ती हवी. उपाय एवढाच: एका शब्दाचं शेवटचं अक्षर आणि दुसऱ्याचं पहिलं यांत फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा फरक असेल तर उत्तर खोडू नये. मधल्या अक्षरात तो फरक निघाला तर संशय घ्यावा. अनुस्वाराला कोणतीच सवलत नाही. एका बाजूने 'गं' आणि दुसरीकडून 'ग' येत असेल तर दोनांपैकी एक उत्तर नक्की चूक.

अडल्यावर कोश बघायला हरकत नाही, पण जुन्या कोशांत शोधताना जुनं लेखन टाइप करावं लागतं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३०च्या दशकातला. अनुच्चारित अनुस्वार गेले ते १९६२च्या लेखननियमांनी. त्यामुळे 'नाव' सापडत नाही, 'नांव' सापडतं. 'काही'साठी 'कांहीं'. संगणकावर 'चार अक्षरी, तिसरं अक्षर र्थी' असा नमुना देऊन शोधायला जाल तर फसाल. संगणक अक्षरं मोजत नाही, संकेतचिन्हं मोजतो. 'ष्ट्र' त्याच्या लेखी पाच चिन्हं आहेत: ष, ट, र आणि पाय मोडायची दोन. मोबाइलवर कोडं सोडवतानाही हीच रड: मागची कळ दाबली की अख्खं अक्षर न जाता नुसती वेलांटी जाते, आणि काही ॲप जोडाक्षर फोडून दोन घरांत टाकतात. त्यापेक्षा पान छापून घेतलेलं बरं.

वेळेचं म्हणाल तर पहिल्या वीस मिनिटांत म्हणी, रिकाम्या जागा आणि 'णे'वाली क्रियापदं भरून तिसरा हिस्सा होतो. त्यानंतर सलग चाळीस मिनिटं डोकं घासण्यापेक्षा दोन तास बाजूला ठेवलेलं फायद्याचं. चुकीचा शब्द नजरेत पक्का बसलेला असतो, तो परत आल्यावर निघतो. कोपरा अजिबात हलत नसेल तर त्यातलं सर्वांत खात्रीचं वाटणारं दोन अक्षरी उत्तर आधी खोडावं. पृथ्वीला धरा, मही, क्षमा, इला, रसा, असे दोन अक्षरीच पाच शब्द आहेत, आणि खात्री बहुधा तिथेच नडते.

एक दोष आठ महिन्यांत सुधारला नाही. काही घरांतून एकच शब्द जातो, छेद नाही. 'रात्र (३)', शेवटचं घर 'नी', पहिली दोन घरं सुटी. रजनी बसतं, यामिनीही बसतं. पुढच्या रविवारी 'यामिनी' छापून आलं तर आपलं 'रजनी' चूक धरू नये. शेजारी बरोबरची खूण करून पान उलटावं.