मित्राला आधी कोणती विज्ञान-कादंबरी द्यावी: 'फाउंडेशन' की 'ड्यून'?

विज्ञानकथा कधी वाचलीच नसेल, तर 'फाउंडेशन' (१९५१). पुस्तक पाच भागांचं, एकेक भाग एका बैठकीत संपतो. मात्र पहिल्या भागानंतर कथा थेट ५० वर्षं पुढे जाते, हे देतानाच सांगा. नाहीतर 'आता हे कोण?' म्हणत पुस्तक मिटलं जातं.

'ड्यून' (१९६५) जाडजूड, पण नायक एकच आणि वाळवंट अक्षरशः अंगाला लागतं. अंगावरचा घाम शुद्ध करून त्याचं पुन्हा पिण्याजोगं पाणी करणारा तिथल्या लोकांचा तो पोशाख! वाचक अडकतो तो सुरुवातीच्या अनोळखी शब्दांत. मागे शब्दसूची आहे, तिथे खुणेची चिठ्ठी घालूनच पुस्तक द्या. दर ओळीला मात्र ती उघडू नये. बरेच अर्थ पुढे आपसूक लागतात.